एका हजेरीवर उभी असलेली घरे

जुलै 2025 मध्ये मी राहते त्या बर्मिंगहॅम शहरातील कचरा कामगारांचा बेमुदत संप पाचव्या महिन्यात होता. त्याच सुमारास मुंबई महापालिकेने कचरा गोळा करून वाहून नेण्याचे काम सेवा-आधारित कंत्राटाने बाहेर देण्याचा प्रस्ताव पुढे आणला आणि तिथल्या कामगार संघटनाही संपाच्या तयारीला लागल्या. मुंबईतला संप वाटाघाटींनंतर टळला. इथला जानेवारीत सुरू झालेला वाद मात्र वर्ष उलटले तरी मिटला नव्हता. त्या दिवसांत मायदेशातील बातम्यांतून आणि परिचितांच्या निरोपांतून दोनच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येत. कायम झाले की हे लोक काम करत नाहीत, तेव्हा ठेकेदारच बरा, हा एक सूर. आणि परदेशात पाहा, सफाई कामगाराला किती पगार आणि किती मान, हा दुसरा. पहिला मुंबईत राहणाऱ्यांचा, दुसरा बहुधा माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांचा. दोन्ही सुरांत कामगाराचे घर कुठेच नसते, आणि माझ्या मते या कामातील ताण समजून घ्यायचा असेल तर सुरुवात घरापासूनच करावी लागते.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईत एका पालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी काही वर्षे काम केले आणि आता इथल्या सरकारी आरोग्यसेवेत करते. दोन्हीकडे सफाई कामगारांचे खांदे, कंबर आणि गुडघे माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि दुखण्याच्या बाबतीत दोन देशांत मला फारसा फरक आढळलेला नाही. मुंबईतला झाडूवाला कमरेत वाकून रस्ता झाडतो, ढकलगाडी ओढतो. मोटर लोडर ओल्या कचऱ्याने जड झालेले डबे गाडीच्या तोंडापर्यंत उचलतो. बर्मिंगहॅमचा कामगार चाकाचे डबे ओढत दिवसभर चालतो, गाडीच्या उंच पायरीवरून शेकडो वेळा चढतो-उतरतो. इथे डबा उचलायला यंत्र आहे, हातमोजे आणि बूट वेळेवर मिळतात, आणि त्यामुळे त्वचेचे व श्वासाचे विकार मुंबईच्या मानाने फार कमी दिसतात. तरीही ब्रिटनमध्ये कामावर जीव जाण्याच्या प्रमाणात शेतीखालोखाल जी क्षेत्रे येतात त्यांत कचरा आणि पुनर्चक्रीकरणाचा नंबर वरचा आहे. यंत्र आले की काम सुरक्षित झाले, असे समजण्याचे कारण नाही.

दुखणे सारखे असले तरी त्यातून बरे होण्याची वाट मात्र सारखी नाही. काळजी आणि अपुरी झोप असली की कंबरदुखी लांबते, हे आमच्या शास्त्रात आता वादाचे राहिलेले नाही. काळजी कशाची, हे मात्र नोकरीची रचना ठरवते, आणि ही रचना मला मुंबईत ज्या रीतीने दिसली ती आजही विसरता येत नाही.

पालिका रुग्णालयात एकाच तक्रारीचे दोन प्रकारचे रुग्ण येत. ठेकेदाराकडे काम करणारा तरुण गुडघा सुजलेला असूनही म्हणे, “मॅडम, कागदावर काही लिहू नका. मुकादमाला कळलं तर उद्यापासून दुसरा माणूस उभा करतील.” कायम नोकरीतला, पन्नाशीकडे झुकलेला कामगार तशाच गुडघ्यासाठी नेमकी उलट विनंती करी: “अनफिटचं काही होईल का बघा ना, म्हणजे पोराचं काम होईल.” अपात्रतेचा निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो, फिजिओथेरपिस्टच्या हाती त्यातले काही नसते, हे सांगूनही तो माणूस कागदाची घडी उलगडून पुन्हा माझ्यापुढे धरी. एकाला आजार लपवायचा होता, दुसऱ्याला तो सिद्ध करायचा होता, आणि दोघांपैकी कोणालाही बरे होण्याला पहिले स्थान देणे परवडत नव्हते.

दुसऱ्या विनंतीमागचा इतिहास बाहेरच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. सत्तरच्या दशकात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून महाराष्ट्र सरकारने असे ठरवले की सफाई कामगार निवृत्त झाला, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला किंवा सेवेत असताना वारला, तर त्याच्या वारसाला नोकरीत घ्यावे. मुंबईत याला पी. टी. केस म्हणतात आणि सफाई खात्याच्या हजेरी चौकीवर हा शब्द पगाराइतकाच वारंवार कानावर येतो. वेळोवेळी निघालेले आदेश 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने एकत्र केले. मध्यंतरी हा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही अडकला होता. या तरतुदीवर उच्चभ्रू वर्तुळांतून मोठी टीका होते. सरकारी नोकरी वंशपरंपरेने कशी, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणी या नोकरीसाठी अर्ज करत नाही, हे सोडून देऊ. मला त्यातला खरा दोष वेगळा वाटतो. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या याच कामात डांबले गेले त्यांना सरकारने दिलेली एकमेव हमी म्हणजे पुढच्या पिढीलाही तेच काम, आणि ती हमी इतकी मोलाची आहे की कुटुंब तिच्यावाचून उभे राहू शकत नाही.

मोलाची असण्याचे मोठे कारण म्हणजे खोली. दादरचे गौतमनगर, कासारवाडी, डोंगरीजवळची वालपाखाडी अशा वसाहतींत सफाई खात्याच्या खोल्या आहेत. त्या नोकरीबरोबर मिळतात आणि नोकरीबरोबर जातात. माणूस निवृत्त झाला आणि घरातले दुसरे कोणी खात्यात लागलेले नसले की खोली रिकामी करण्याची नोटीस येते. ज्या शहरात आयुष्यभराच्या फंडातून वसई-विरारपलीकडे एक खोली जेमतेम येते, त्या शहरात ही नोटीस म्हणजे मुलांची शाळा, आईचे औषधपाणी, शेजार, सगळेच उठवणे. आश्रय योजनेतून जुन्या वसाहती पाडून नव्या इमारती उभारण्याचे काम पालिकेने हाती घेतले आहे आणि नव्या खोल्या जुन्यांहून मोठ्या आहेत. परंतु त्याही सेवानिवासस्थानेच. घर मालकीचे मिळावे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजनेचे नाव कामगार वर्षानुवर्षे घेत आले आहेत. एकोणीसशे तीसच्या दशकात स्वतः बाबासाहेबांनी मुंबईच्या पालिका कामगारांची संघटना उभी केली होती, त्यामुळे या मागणीला त्या वसाहतींत केवळ कागदी अर्थ नाही.

नोकरी, खोली आणि वारसाची जागा या तिन्ही गोष्टी एकाच हजेरीपत्रकाला बांधल्या गेल्या की घरातल्या नात्यांवर काय होते, याची चर्चा आपण करत नाही. जागा एक आणि मुलगे दोन असतील तर एकाच्या नावावर केस करण्यासाठी बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. ज्याने ते दिले तो आयुष्यभर सांगतो की मी माझा हक्क सोडला. ज्याला जागा मिळाली त्याच्या पगारावर आई-वडील, भाऊ आणि कधी बहिणीचे लग्न अशा सगळ्यांचा दावा असतो. सून आली की त्या दाव्यांचा हिशेब रोज मांडला जातो. मुलीचे नाव लावावे असे वडिलांच्या मनात असते, नियमही तिला वारस मानतो, पण ती लग्न करून गेली की पगार परक्या घरी जाईल असे भावकी सांगते. दहावी-बारावीतल्या मुलाला अभ्यासात गती असली तरी घरात वाक्य ठरलेले असते, की तुझं तर होणारच आहे. मुलाला हे आश्वासन वाटते आणि कुंपणही. बापाचे वय आणि दुखणे यांच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा विचार मी तेव्हा करत असे आणि त्याचे उत्तर मला कधी विचारवले नाही.

दारूचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण सफाई कामगारांविषयी बोलताना सुशिक्षित माणूस पहिल्या पाच वाक्यांत त्यावर येतो. मेलेले कुत्रे, सडलेले मांस, रुग्णालयाबाहेर टाकलेल्या सुया आणि सॅनिटरी पॅड यांतून हात घालताना वास मारण्यासाठी अनेक जण पितात आणि नंतर ती सवय घरी येते, हे खरे आहे. त्याची शिक्षा बायका-मुले भोगतात, हेही खरे आहे. परंतु व्यसनमुक्तीची शिबिरे भरवून हा प्रश्न संपेल असे समजणारे प्रशासन कारणाला हात लावत नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, तेव्हा त्यांनी नागरिकांकडून एवढेच मागितले होते की हातात काय येणार आहे ते आधी कळू द्या. ताण कमी करण्याचा तो मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. व्यसनाच्या मागोमाग कर्ज येते. पगाराचे एटीएम कार्डच सावकाराकडे गहाण ठेवलेल्या कामगारांच्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेला भांडण होते आणि विसाव्या तारखेला उधारी संपते. अशा घरातला माणूस व्यायाम सांगितला तर मान डोलावतो, पण करत नाही, आणि त्याला दोष देण्याचे धाडस मला झाले नाही.

स्त्री कामगारांचे दुखणे याहून निराळे असते. त्यांच्यातल्या कित्येक जणी नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी लागलेल्या. साडेसहाची हजेरी गाठायची तर बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून निघणारीला साडेतीनला उठावे लागते. पाणी भरणे, डबे, मुलांचे आवरणे हे त्याआधी. ठरलेल्या पट्ट्यात झाडू मारताना जवळपास स्वच्छतागृह नसते, असले तरी वापरण्यासारखे नसते, म्हणून त्या पाणीच कमी पितात आणि मूतखडे, जळजळ, जंतुसंसर्ग घेऊन येतात. कपडे बदलायला चौकीत आडोसा नसेल तर कामाच्या साडीवरच घरी जावे लागते, आणि शेजारी किंवा मुलाच्या शाळेत काय काम करतो हे न सांगणाऱ्या बाईसाठी तो प्रवास कामापेक्षा जड असतो. तिच्या पगारावर सासरचा हक्क, मुलांच्या शिक्षणाचा भार आणि विधवेने कसे वागावे याच्या अपेक्षा, तिन्ही एकदम येतात. माझ्याकडे खांद्याच्या दुखण्यासाठी आलेल्या एकीला मी विश्रांती घ्यायला सांगितले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “कोणत्या वेळेला?” तिला उत्तर हवेच होते, आणि माझ्याकडे ते नव्हते.

ठेकेदारीतल्या कामगाराच्या वाट्याला यातले ओझे सगळे येते, आधार एकही येत नाही. त्याला खोली नाही, वारसा नाही, पगारी आजारपण नाही. खाडा झाला की पैसे गेले. मुंबईत तर काही काळ या माणसांना कामगार म्हणायचेच नाही अशी तजवीज झाली होती. स्वयंसेवी संस्थांमार्फत नेमलेले स्वयंसेवक असे त्यांना दाखवले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा न्यायालयात नेला आणि 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाल्याने कित्येकांना चौकी आणि विभाग कार्यालय यांच्यात हेलपाटे घालावे लागले. ज्याने तारुण्य कचऱ्याच्या गाडीवर घालवले त्याला आपण तोच माणूस आहोत हे सिद्ध करावे लागणे, यासारखा मानसिक छळ मला दुसरा सुचत नाही. गटारात उतरणारे तर यादीच्याही बाहेर असतात. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या 2013 च्या कायद्याने धोकादायक सफाईवर बंदी आहे, ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली, आणि तरी एप्रिल 2024 मध्ये विरारमध्ये खासगी सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार मेले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे 2019 ते 2023 या काळात देशभरात असे 377 मृत्यू झाले.

आता परदेशाबद्दल. बर्मिंगहॅमच्या संपाचे कारण पगारवाढ नव्हते, पगारकपात होते. 2017 च्या संपानंतर झालेल्या तडजोडीतून कचऱ्याच्या प्रत्येक गाडीवर थोड्या वरच्या श्रेणीचे एक पद तयार झाले होते. ते आता पालिकेने रद्द केले. हे पद सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे आणि ते गेल्याने काही जणांचे वर्षाला 8,000 पौंडांपर्यंत नुकसान होईल, असे संघटनेचे म्हणणे. पालिकेने तो आकडा आणि तो युक्तिवाद दोन्ही नाकारले. 11 मार्च 2025 पासून साडेतीनशेहून अधिक कामगार बेमुदत संपावर गेले. महिनाअखेरीस रस्त्यांवर 17,000 टन कचरा साठला आणि पालिकेला आणीबाणीसारखी स्थिती जाहीर करावी लागली. स्मॉल हीथ, स्पार्कहिल, बालसाल हीथ अशा गरीब आणि बहुतांशी दक्षिण आशियाई वस्तीच्या भागांत ढीग सर्वांत उंच होते. तिथले लोक कामगारांवर चिडले, पालिकेवरही चिडले. परंतु कामगारांच्या जातीवर किंवा कुळावर कोणी बोलले नाही, कारण तसा विचारच तिथे उगवत नाही.

कामगार घरी बसल्याने त्यांच्या पाठी बऱ्या होतील असे मला वाटले होते. तसे झाले नाही. त्या काळात माझ्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, झोप उडाली, काहींनी उपचार मध्येच सोडले. घरकर्जाचा हप्ता, मुलांच्या सहलीचे पैसे, बायकोने दुसरी अर्धवेळ नोकरी धरल्याने उलटेपालटे झालेले घर, हे सगळे ते व्यायामाच्या खाटेवर पडून सांगत. चांगला पगार आणि बऱ्यापैकी मान असलेल्या देशातला सफाई कामगारसुद्धा उत्पन्न अनिश्चित झाले की मुंबईच्या ठेका कामगाराइतकाच खचतो. ‘परदेशात पाहा’ असे सांगणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनी हा भागही पाहायला हवा.

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. या शहरात कचरा कामगारांना पूर्वी बोनस मिळे आणि त्याच श्रेणीच्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. 2012 मध्ये 174 माजी कर्मचाऱ्यांच्या (त्या जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या) बाजूने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्यानंतर पालिकेला समान वेतनाच्या दाव्यांपोटी शंभर कोटींहून अधिक पौंड द्यावे लागले. सप्टेंबर 2023 मध्ये पालिकेने नवा खर्च थांबवण्याची नोटीस काढली त्यामागे हेच दावे मोठ्या प्रमाणात होते, आणि 2025 मध्ये ते पद रद्द करताना पालिकेने हेच कारण पुढे केले. बायकांना न्याय द्यायचा म्हणून पुरुषांचा पगार खाली आणायचा, असा हिशेब मांडला गेला. मला तो अमान्य आहे. परंतु मुंबईतल्या संघटनांना यातून घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे झाडूवाली बाई, मोटर लोडर पुरुष आणि ठेक्यावरचा पोरगा यांचे प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर सोडवले जातात आणि प्रशासन एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नावावर खपवते. इथेही कायम कामगार संपावर असताना एजन्सीचे कामगार गाड्या चालवत होते. डिसेंबर 2025 मध्ये त्यांच्यापैकीही काही जण संपात उतरले.

इथली जी गोष्ट मला खरोखर मायदेशी न्यावीशी वाटते ती यंत्र नाही आणि लोकांनी रस्त्यात केलेले ‘गुड मॉर्निंग’ही नाही. ती आहे आजारपणाची रजा आणि तिच्यासोबतचा कागद. पालिकेच्या कायम कामगाराला पाच वर्षांच्या सेवेनंतर सहा महिने पूर्ण आणि त्यापुढे सहा महिने अर्धा पगार आजारपणात मिळू शकतो. जुलै 2022 पासून आम्हा फिजिओथेरपिस्टनाही तो दाखला देता येतो, आणि त्यात ‘कामास अपात्र’ याखेरीज दुसरी नोंद करता येते, की हा माणूस काही बदल केल्यास कामावर येऊ शकेल: कमी तास, हलके काम, टप्प्याटप्प्याने परतणे. ही नोंद करताना कामगाराचा मुलगा, त्याचे घर, त्याचा भाऊ यांपैकी कोणीही माझ्यासमोर उभे नसते. एजन्सीच्या कामगाराला मात्र कायद्याने ठरवलेल्या तुटपुंज्या आजारभत्त्यावरच भागवावे लागते, आणि तो इथेही तेच म्हणतो जे मुंबईचा तरुण म्हणत असे, की काही लिहू नका.

तुलना एका ठिकाणी थांबवावी लागते. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत 2024 पर्यंत नोंद झालेल्या सुमारे 38,000 गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळजवळ 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले आहेत. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण दोन तृतीयांशाच्या वर आहे. मुंबईच्या सफाई खात्यात बौद्ध, मातंग, मेघवाळ, रुखी, वाल्मीकी ही नावे का भेटतात, याचे उत्तर कोणत्याही भरती नियमात सापडणार नाही. बर्मिंगहॅममध्येही बाप-लेक एकाच गाडीवर काम करताना दिसतात, पण मुलाने ते सोडून इलेक्ट्रिशियन व्हायचे ठरवले तर त्याच्या आई-वडिलांच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही, आणि त्याच्या आडनावावरून दुसऱ्या मालकाला त्याच्या बापाचे काम कळत नाही. म्हणून ‘वारसा हक्क बंद करा, खुली भरती करा’ हा आपल्याकडचा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. खोली तशीच नोकरीला बांधलेली, ठेकेदारी वाढत चाललेली आणि दुसऱ्या नोकरीच्या दारात जात उभी असताना हा हक्क काढून घेणे म्हणजे त्या कुटुंबांच्या हाती असलेला एकमेव आधार हिरावणे होय.

हक्क टिकवून त्यातली सक्ती मात्र काढता येईल. वीस-पंचवीस वर्षे शहर झाडलेल्या माणसाला राहते घर मालकीने द्यावे, म्हणजे वारस लागला नाही म्हणून कोणी बेघर होणार नाही. वारसाला झाडूऐवजी त्याच्या शिक्षणाला साजेसे पद, किंवा शिकत असेल तर जागा राखून शिष्यवृत्ती, यांपैकी निवड करू द्यावी. पदवी घेतलेल्या मुलीला चौकीत झाडू देऊन वर सामाजिक न्यायाचे नाव देऊ नये. यासाठी पैसा कुठून आणायचा असे विचारले जाईल. मुंबईत रोज साडेसहा ते सात हजार टन कचरा निघतो आणि तो उचलण्याच्या ज्या कंत्राटांच्या चर्चा 2025 मध्ये झाल्या त्यांचे आकडे हजारो कोटींचे होते. पैशाची उणीव हे उत्तर त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

पालिका रुग्णालयांपुरते बोलायचे तर आणखी एक बदल आयुक्तांच्या एका परिपत्रकाने होऊ शकतो. चौकीतल्या नोंदी, वर्गीकरणाची तपासणी, सोसायट्यांना ओल्या-सुक्याची माहिती देणे अशी हलकी कामे खात्यात आहेत; ती मुकादमाच्या मर्जीवर न ठेवता वैद्यकीय दाखल्याशी जोडावीत आणि त्या काळात पगार, श्रेणी व खोली यांना धक्का लागणार नाही असे लेखी द्यावे. पूर्ण अपात्र ठरण्याखेरीज मधला रस्ताच नसल्यामुळे चाळिशीतल्या माणसाला आज आपले शरीर मोडल्याचे सिद्ध करत बसावे लागते. हाच नियम ठेकेदाराच्या कामगारालाही लागू करायचा असेल तर पुढच्या निविदेतच आजारपणाच्या पगारी दिवसांची अट घालावी लागेल आणि तिचा खर्च पालिकेने दरात धरावा लागेल, कारण ती अट नसलेल्या कंत्राटात सर्वांत कमी बोली लावणारा ठेकेदार तो खर्च कामगाराच्या गुडघ्यावरच वसूल करतो.